गिनीपिगला कोणतं गवत घालावं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या पाळणाऱ्यांसाठी

आमच्या घरी चिमी आणि बुंदी आल्या, तेव्हा दुकानदाराने रंगीत दाण्यांची एक पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "हेच घाला, दुसरं काही लागत नाही." गवताचं नावसुद्धा काढलं नाही. दोन-अडीच महिने आम्ही दाणे, गाजर आणि काकडी घालत राहिलो. मग बुंदीच्या लेंड्या बारीक झाल्या आणि तिची हनुवटी सारखी ओली दिसायला लागली. दाणा तोंडात घ्यायची, चघळायची आणि तसाच खाली टाकायची. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गवत किती खाते?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. चारी बाजूंनी गवताने वेढलेल्या तालुक्यात राहून आम्ही तिला गवतच दिलं नव्हतं.

बुंदी वाचली. दाढा घासून घ्याव्या लागल्या, पंधरा दिवस सिरिंजने पातळ खाणं भरवावं लागलं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गवत कशासाठी

गिनीपिगच्या तोंडात २० दात असतात. पुढचे असोत की दाढा, सगळे जन्मभर वाढत राहतात. दाण्याचा एका चावात चुरा होतो. गवताची काडी मात्र दाढांखाली धरून पुन्हा पुन्हा घासावी लागते आणि त्या घासण्यानेच दाढा जागेवर राहतात. गवत कमी पडलं की खालच्या दाढा आत झुकतात आणि जिभेवर कमान धरतात. मग समोर ताट भरलेलं असूनही जीव उपाशी राहतो. पोटाचंही तसंच आहे. त्यांचं आतडं चोवीस तास चालू राहावं लागतं आणि त्याला चालतं ठेवतो तो गवतातला लांब, चिवट तंतू.

म्हणून हिशेब असा धरा: दिवसाच्या खाण्यात पाचातले चार हिस्से गवत, उरलेल्या एका हिश्श्यात भाजी आणि चिमूटभर दाणे. गवत मोजून द्यायचं नाही, ते रात्रंदिवस समोर हवं. मध्यरात्री पाणी प्यायला उठलात आणि पिंजऱ्यातून कुरुकुरु आवाज आला, तर समजा सगळं ठीक चाललं आहे.

तुमच्याकडे ससा असेल तर या लेखातलं गवताबद्दलचं सगळं त्यालाही लागू आहे, फक्त क जीवनसत्त्व तो अंगात बनवू शकतो. ससा उंदराच्या जातीतला नाही, पण त्याचे दात आणि पोट याच तऱ्हेचे आहेत. हॅमस्टरचं वेगळं. त्याचं मुख्य खाणं दाणा-बी. गवत त्याला घरटं करायला आणि बोगद्याला आधार म्हणून लागतं. त्याला एकदम मऊ गवतच द्या, कारण तो काड्या गालाच्या पिशवीत कोंबतो आणि टोकदार काडीने पिशवी आतून फाटते. पाळीव उंदरांनाही गवत घरट्यापुरतंच, पण धूळ बिलकुल नको, त्यांची छाती नाजूक असते.

पिंजर म्हणजे गवत नव्हे

आपल्याकडचे नवे लोक सर्वांत जास्त इथे चुकतात. "गवत पाहिजे" म्हटलं की घरचे लोक प्रेमाने गावाकडून पिंजराचं पोतं आणून देतात. भात झोडल्यावर जे उरतं ते पिंजर. दाणा भरताना झाडातला सगळा कस दाण्यात गेलेला असतो. पिंजरात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि वाळूसारखी सिलिका भरपूर. म्हशीच्या पोटात ते पचतं, सोबत तिला पेंडही मिळते. एक किलोच्या जनावराला पिंजरावर ठेवलं तर ते हळूहळू वाळत जातं. पिंजर स्वच्छ आणि कोरडं असेल तर खाली अंथरायला चालेल, थंडीत ऊबही देतं. वाटी मात्र गवताचीच.

गवत म्हणजे दाणा भरण्याआधी, फुलोऱ्याच्या सुमाराला कापून हिरवेपणा राखत वाळवलेलं. हा फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं. पिंजर सोनेरी दिसतं, काडी पोकळ आणि गुळगुळीत लागते, वास जवळजवळ येत नाही. चांगलं वाळलेलं गवत हिरवट राहतं, त्यात पानं दिसतात आणि मूठभर नाकाशी धरलं की गोडसर, चहाच्या कोरड्या पत्तीसारखा वास येतो.

आपल्या भागात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

पाकिटात येणारं टिमोथी थंड मुलखातलं गवत आहे. ते आपल्या हवेत होत नाही, बाहेरून येतं, म्हणून किलोला काही शे रुपये पडतात. ते उत्तम आहे यात शंका नाही. पण गिनीपिगला टिमोथीच पाहिजे असं काही नाही. त्याला पाहिजे ते जास्त तंतूचं, कमी कॅल्शियमचं, स्वच्छ गवत, आणि तशी गवतं आपल्याकडे आहेत.

माझी पहिली पसंती हरळीला. होय, तीच हरळी, शेतकरी जिला खुरपून खुरपून वैतागतात आणि गणपतीला जिच्या दूर्वा होतात. पान बारीक आणि मऊ, दोन दिवसांत वाळते, आणि जनावर पहिल्या दिवसापासून आवडीने खातं. परदेशात हिचंच वाळलेलं गवत बर्मुडा या नावाने विकतात. एक काळजी घ्या: देवाला वाहिलेल्या दूर्वा परत आणून घालू नका, त्यांना हळद-कुंकू आणि गुलाल लागलेला असतो. बाजारातल्या जुड्या कुठल्या गटाराकाठच्या आहेत हेही कळत नाही.

दुसरं, माळावरचं आणि डोंगराकडचं गवत. खानापूरच्या बाजूला, राजहंसगडाच्या उतारांवर, चंदगडच्या वाटेवर दसरा-दिवाळीच्या सुमाराला जे कापलं जातं ते. त्यात मारवेल आणि पवना ही दोन नावं लक्षात ठेवा, दोन्ही जातिवंत चारा आहेत. अडचण एकच, त्या भाऱ्यात कुसळीही असते. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगते.

तिसरं ओट. हिवाळ्यात काही गोठेवाले ओट पेरतात. कणीस भरण्याआधी कापलेला ओट मऊ, गोड आणि अगदी सुरक्षित. जागा असेल तर घरीही पेरता येतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले हरिता' ही ओटची जात चाऱ्यासाठीच आहे. झाशीच्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेचं दक्षिणेकडचं केंद्र आपल्या शेजारी धारवाडला आहे, तिथेही चाऱ्याच्या बियाण्याची चौकशी करता येते. गच्चीवर दोन-तीन पसरट क्रेटमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून पेरा, पन्नास-पंचावन्न दिवसांत कापणी येते. बियाणं गुलाबी किंवा लाल रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते फक्त पेरायचं, उरलेलं बी जनावरापुढे जाऊ द्यायचं नाही.

लसूणघास गोठ्यांवर सहज मिळते आणि गिनीपिग तिच्यावर तुटून पडतात. तिथेच फसायला होतं. ती शेंगवर्गातली आहे. साध्या गवतात कॅल्शियम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, तर लसूणघासीत एक-सव्वा टक्क्याच्या वर. मोठ्या गिनीपिगला ती रोज घातली तर मूत्राशयात खडे होतात. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला चालते, बाकीच्यांना आठवड्यातून एखादी काडी. भुईमुगाच्या वेलांचंही तेच, शिवाय त्यांना माती चिकटलेली असते आणि बुरशी फार लवकर धरते. ते मी घेतच नाही.

ज्वारीचा पक्का वाळलेला कडबा असेल तर त्याची पानं थोडी देता येतात. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नको. तिच्या कोवळ्या पानांत सायनाइड तयार होतं आणि त्याने गुरंसुद्धा दगावतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मक्याचं वेगळं कारण आहे. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली ती कर्नाटकातच, आणि तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात औषध टाकणं नेहमीचं झालं आहे. शेत ओळखीचं असेल तरच मक्याची पानं घ्या. हत्तीघासीचं पान कडेला खरबरीत असतं आणि तिच्यात खडे करणारं ऑक्झलेट जास्त, म्हणून अधूनमधून, तेही फक्त पान. उसाचे वाढे गुरांसाठी राहू द्या.

कुसळ

एका वर्षी दिवाळीनंतर मामांनी डोंगराकडचा भारा पाठवला. सुंदर गवत, पिवळसर हिरवं, घरभर वास सुटला. तिसऱ्या दिवशी चिमी तोंड पायाने पुसत बसलेली दिसली. टॉर्च लावून पाहिलं, तर खालच्या ओठाच्या आत एक काळपट सुई रुतलेली. चिमट्याने हळूच ओढली, तर पुढे सरकायची, मागे येईना. शेवटी डॉक्टरांनीच काढली. नंतर ती मी भिंगाखाली पाहिली. टोकाला बारीक तपकिरी केस, सगळे मागे वळलेले, माशाच्या गळासारखे. शेपटीला पिळा. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाकला तर ती आपोआप फिरायला लागली. जमिनीत बी रुतवून घ्यायची ही कुसळीची सोय आहे. तोंडाची लाळ लागली की ती तशीच मांसात रुतत जाते.

कुसळी फुलण्याआधी कापली तर साधं गवत आहे, त्रास देत नाही. पण ऑक्टोबर उजाडला की कुसळं पिकतात. तेव्हा डोंगराकडचं गवत घेताना एक काम करा. एक पेंढी सोडवून पांढऱ्या चादरीवर झटका आणि मग जुना सुती टॉवेल तिच्यावर दाबून ओढा. टॉवेलला काळ्या सुया चिकटल्या तर तो भारा परत द्या. निवडून काढू असं मनात आणू नका. मी एकदा दोन तास निवडत बसले होते, तरी चार राहिल्याच. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गवत कापणाऱ्यांना सप्टेंबरातच सांगून ठेवायचं की कुसळ धरायच्या आधीचं पाहिजे, आणि चार पैसे जास्त द्यायचे.

विकत घेताना काय विचारायचं

गवत बहुधा तीन ठिकाणी मिळतं: गवळ्याच्या गोठ्यावर, आठवडी बाजाराच्या कडेला भारा घेऊन बसणाऱ्या बायकांकडे, आणि गावाकडच्या ओळखीने. तिन्हीकडे प्रश्न तेच.

"मावशी, गवत कुठलं हे?"

"माळाकडचं हाय की. परवाच कापलंय."

"बांधावरचं नव्हे ना? औषध मारलेलं?"

या दुसऱ्या प्रश्नावर त्या थोडा वेळ बघतात. गिऱ्हाईक गुरांसाठी घेत असेल तर एवढं विचारत नाही. तेव्हा खरं सांगा: छोटं जनावर आहे, किलोभराचं, औषधाचा अंश असला तरी मरेल. मला तरी आजवर कुणी हे ऐकून खोटं सांगितलेलं नाही. एका मावशींनी तर पाटीतला अर्धा भारा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "हे उसाकडचं हाय, हे नको नेऊ."

चिकोडी, गोकाकच्या बाजारात कानडीतून विचारावं लागतं. सुकं गवत म्हणजे ओण हुल्लु, चारा म्हणजे मेवु, भत्तद हुल्लु म्हटलं तर समोर पिंजर येईल, आणि कणिकी म्हणजे कडबा. "हुल्लिगे औषध होडदीरेन्री?" एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा: गवताला औषध मारलंय का?

औषधाबद्दल इतकं सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे ऊस भरपूर, आणि उसाच्या बांधावर तणनाशक मारतात. तणनाशकाने मेलेलं गवत उभ्या-उभ्या वाळतं, पिवळं पडतं आणि लांबून अगदी तयार सुकं गवत दिसतं. नवा माणूस ते फुकट मिळालं म्हणून कापून आणतो. कापल्याशिवाय वाळलेलं गवत पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना दिसलं, आजूबाजूचं सगळं हिरवं असताना तेवढाच पट्टा पिवळा असला, तर त्याला हात लावू नका.

निपाणीकडच्यांसाठी आणखी एक. तंबाखू ज्या खळ्यावर वाळवली, ज्या वखारीत साठवली, ज्या गाडीतून नेली, तिथलं गवत किंवा तिथली रिकामी पोती वापरायची नाहीत. तंबाखूच्या भुकटीत निकोटिन असतं आणि ते इतक्या छोट्या जिवाला विषच आहे. पोतं झटकून, उन्हात घालून भागत नाही. नवं पोतं घ्या, नाहीतर जुन्या सुती साडीची पिशवी शिवा.

रस्त्याकडेचं गवत तर सोडूनच द्या. गाडीचा धूर, कुत्र्यांचं मूत, आणि त्यात मिसळलेलं गाजरगवत. गाजरगवताची फाटलेली पानं आणि पांढरी बारीक फुलं ओळखायला शिका. घाणेरी, रुई, धोतरा, बेशरम यांचं एक पान जरी भाऱ्यात दिसलं तरी पूर्ण भारा उलगडून बघा.

जंगलातलं गवतही आणायचं नाही. भीमगड अभयारण्यात कापणं कायद्यात बसत नाही हे एक. दुसरं म्हणजे पश्चिम घाटाच्या जंगलात गोचिडांमधून माकडताप पसरतो. १९५७ मध्ये शिमोग्याकडे तो पहिल्यांदा सापडला, आणि दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचे दिवस त्याच्या जोराचे. गोचीड गवताच्या भाऱ्यातून थेट घरात येतो. धोका जनावरापेक्षा तुम्हाला जास्त.

हात, नाक, डोळे

भारा सोडला की मधोमध हात घाला. वरचं गवत उन्हाने वाळलेलं असतं, मधलं दमट राहतं. हाताला गारवा किंवा ऊब लागली तर ते पुरतं वाळलेलं नाही. मूठभर पिळून पाहा. काडी कडकन मोडली पाहिजे, पान चुरगळल्यासारखं वाटलं पाहिजे, पण त्याची भुकटी व्हायला नको.

मग उन्हाच्या तिरिपेत एक पेंढी झटका. थोडी माती उडेल, ती चालते. पण राखाडी, हलका धूर उठून हवेत तरंगत राहिला आणि नाकात खवखवलं तर ती बुरशी आहे. काळे-पांढरे ठिपके, चिकटून बसलेल्या काड्या, जुन्या गोधडीसारखा किंवा आंबूस वास, यातलं एक जरी दिसलं तर ते गवत वाळवून, निवडून, धुऊन वापरता येत नाही. बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

घरी आणल्यावर शंका राहिली तर काचेच्या बरणीत मूठभर गवत दाबून भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ऊबदार जागी ठेवा. सकाळी काचेला आतून दव धरलं असेल तर गवत आणखी एक-दोन दिवस पसरून ठेवायला हवं.

स्वतः वाळवायचं असेल तर

परतीचा पाऊस संपला की लगेच. दहा वाजता दव उडाल्यावर कापा, गच्चीवर जुन्या चादरीवर बोटभर थर पसरा, दिवसातून दोन-तीनदा उलटा. पहिला दिवस ऊन, पुढचे दोन दिवस सावली आणि वारा, म्हणजे हिरवेपणा टिकतो. संध्याकाळी आत घ्या, थंडीत रात्रीचं दव दिवसभराची मेहनत वाया घालवतं. ओल्या गवताचा ढीग कधी करू नका. दोन तासांत आतून तापतं आणि आंबायला लागतं. गवत कापायच्या यंत्रातून पडलेला चुरा याच कारणाने कधीच घालायचा नाही.

हिशेबही इथेच करून ठेवा. ओल्या गवतात चारातले तीन हिस्से पाणी असतं. दहा किलो ओला भारा वाळून पावणेतीन किलोच्या आसपास उरतो. म्हणून ओल्या भाऱ्याचा भाव आणि सुक्या गवताचा भाव सरळ एकमेकांपुढे ठेवू नका. माझ्या दोघी मिळून दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम सुकं गवत खातात आणि सांडतात. म्हणजे महिन्याला साडेतीन किलो. पावसाळ्याचे पाच महिने धरले तर अठरा किलो, नासाडी धरून वीस. मोठे तीन-चार ओले भारे वेळेवर वाळवले की एवढं होतं.

तरीही घरात एक पाकीट टिमोथीचं ठेवा असं मी सांगेन. गावाकडचं गवत एखाद्या वेळी खराब निघालं तर चार दिवस निभतात, आणि आजारी जनावर ओळखीचं गवत खातं. पाकीट घेताना पॅकिंगची तारीख बघा, कोपऱ्याला बारीक भोकं नाहीत ना बघा, पारदर्शक बाजूने तळाशी किती चुरा बसला आहे ते बघा. भाव नेहमी किलोवर काढा. छोटं पाकीट स्वस्त दिसतं, पण किलोला ते बहुधा महागच पडतं. दोन-तीन घरांनी मिळून मोठं पोतं मागवलं तर परवडतं.

मृगापासून हस्तापर्यंत

बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीलासुद्धा पाणी सुटतं. कारहुणवीच्या, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या, आधी सगळं गवत आत गेलं पाहिजे आणि नीट बांधलं पाहिजे. सुती पिशव्या किंवा स्वच्छ गोणपाट, खाली फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की आतली थोडीशी ओलही बाहेर पडत नाही. मी अठरा किलो सहा छोट्या पिशव्यांत वाटते, म्हणजे एक बिघडली तरी पाच राहतात. हे शहाणपण एका जुलैत सगळंच एका पोत्यात गमावल्यावर आलं. पोतं उघडलं तेव्हा आंबट वाफ तोंडावर आली आणि मधला गवताचा गोळा हाताला गरम लागला.

उघडीप मिळाली की पिशव्या तासभर वाऱ्यावर काढा. डांबरगोळ्या, किडीची पावडर, अगरबत्तीचा धूर, यातलं काहीही गवताजवळ नको. घरातले आणि शेतातले उंदीर गवतावर मुतले तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तुम्हालाही आणि जनावरालाही, म्हणून पिशव्या उंचावर टांगलेल्या बऱ्या. बारीक किडे दिसले तर थोडं थोडं गवत फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवून मग वाळवून घ्या.

पावसाळ्यात ताजी हरळी भरपूर असते. ती धुऊन, पाणी झटकून, थोडी सुकवून दिलेली चांगलीच. पण सुरुवात चार काड्यांनी करा. एकदम मूठभर ओलं गवत घातलं तर पोट फुगतं.

पिंजऱ्यात घालताना

नवं गवत आलं की जुन्यात मिसळून सुरू करा. आधी चौथा हिस्सा, मग निम्मं, आठ-दहा दिवसांत पूर्ण. सकाळ-संध्याकाळ ताजं घाला, कालचं दमट झालेलं काढा. गवत जमिनीपासून तोंडाच्या उंचीवर, रुंद फटींच्या लाकडी किंवा तारेच्या रॅकमध्ये ठेवा. जाळीची लवचिक पिशवी नको, तिच्यात पाय आणि मान अडकते. गिनीपिग खात खात लेंड्या टाकतो, म्हणून शेणकोपऱ्यातच रॅक लावला तर साफसफाई सोपी होते.

वाळलेल्या गवतात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, आणि माणसासारखंच गिनीपिगलाही ते अंगात बनवता येत नाही. रोज ढबू मिरचीची एक फोड, मूठभर कोथिंबीर, हिवाळ्यात आवळ्याचा छोटा तुकडा. ते चुकलं तर हिरड्यांतून रक्त येतं, सांधे दुखतात, मग गवतही खाल्लं जात नाही.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. आठवड्यात ५० ग्रॅमने उतरलं तर लक्ष ठेवा, १०० ग्रॅम उतरलं तर डॉक्टर गाठा. एक डोळा पाणावलेला, पांढुरका दिसला तर गवताची काडी लागली असण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी दाखवा, घरातले थेंब घालू नका. बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि डॉक्टरांकडे गेलात, ते मुख्यत्वे गाई-म्हशी बघणारे असले, तर औषध लिहायच्या आधी आवर्जून सांगा की हा गिनीपिग आहे, याला पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडाने चालत नाही. त्याने पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि जनावर दोन-चार दिवसांत जातं. सोबत आठवड्याच्या वजनांचा कागद आणि घालत असलेल्या गवताची एक मूठ पिशवीत न्या. बुंदीच्या वेळी आमच्याकडे दोन्ही नव्हतं. चिमीच्या वेळी होतं, आणि डॉक्टरांनी आधी गवताची मूठ टेबलावर पसरली, त्यातली कुसळं बोटाने वेगळी केली, आणि मगच तिच्या ओठाकडे वळले.